घडी मोडायची राहिली

कारखान्याचा भोंगा वाजला की आमच्या विभागाच्या खिडक्या मी स्वतः लावून घेतो. शिपाई आहे, मुलं आहेत, पण हे काम कुणावर सोडवत नाही. दारावरचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, तोवर पारगावच्या बाजूनं मळीचा आंबूस-गोड वास यायला लागतो आणि दोन-चार दिवसांत खिडकीच्या कट्ट्यावर बारीक काळी राख दिसते. ती कागदावर पडली तर पुसायची नसते, पुसली की पसरते. नुसती फुंकर मारायची. पहिल्या वर्षाची मुलं दरसाल पुसतात आणि दरसाल कागद काळे करतात. मीही आधी सांगत नाही.

यंदाचा हंगाम सुरू होऊन आठवडा झाला. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्यात, त्यांच्या मागं कांडी ओढायला पोरं पळतायत, चहाच्या टपरीवर टनेजच्या गप्पा सुरू झाल्यात. इकडं लोकांची वर्षं अशी हंगामावरच मोजली जातात. अमक्याचं लग्न कधी झालं, तर कारखान्याला उसाची पहिली मोळी टाकली त्या आठवड्यात. माझ्या डोक्यात मात्र हंगाम म्हटला की एकच उभा राहतो, चार वर्षांपूर्वीचा. त्या हंगामात आमचा डिझाइन विभाग वेगळा झाला आणि हौसाबाई गेली. या दोन गोष्टी मी निरनिराळ्या वाक्यांत लिहून पाहिल्या, पण त्या तशा राहत नाहीत.

आमच्या कॉलेजला कागदोपत्री कम्युनिटी कॉलेज म्हणतात. गावात म्हणतात शिवणकॉलेज, कारण सुरुवात झाली ती आठ शिवणयंत्रांवर. मग वेल्डिंग आलं, मोटार रिवाइंडिंग आलं, ब्यूटी पार्लर आलं. डिझाइन म्हणून काही नव्हतं आणि सगळीकडं थोडं थोडं होतं. सकाळी मी शिवणाच्या मुलींना गळ्याचे आकार शिकवायचो, दुपारी वेल्डिंगच्या मुलांना गेटावरची नक्षी. माझं टेबल शिवण विभागाच्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या शेजारी. बारा वर्षं मी तिथं पाहुण्यासारखा राहिलो. वेल्डिंगचे निकम सर मला म्हणायचे, "काय राव, तुमचं काम म्हंजी लग्नातल्या बँडवानी. असला तर बरं, न्हाई तर लगीन काय अडत न्हाई."

मी हसायचो. पण रात्रंदिवस एकच घोकत होतो, वेगळा विभाग. स्वतःची खोली, स्वतःची मुलं, दारावर पाटी. अर्जावर अर्ज केले. आमच्या प्राचार्यबाई समजूतदार. त्या म्हणाल्या, "सर, समिती येईल तेव्हा रांगोळी आणि भेटकार्डं दाखवून मान्यता मिळणार नाही. या भागाच्या उपयोगाचं काहीतरी करून दाखवा." हे आज लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा मी या भागात कशाचा उपयोग आहे हे शोधत होतो ते भागासाठी नाही, पाटीसाठी.

मी कापडवाल्याचा मुलगा. पणजोबा मारवाडातून मंचरला आले, बाजारपेठेत दुकान मांडलं आणि आम्ही इथलेच झालो. घरात प्रार्थना तेवढी आमची, बाकी भांडणं मराठीतच. शाळा सुटली की मी दुकानाच्या गादीवर. कापडाचा पोत बोटाला कळतो, डोळ्याला नाही, हे मी तिथं शिकलो. आणि आणखी एक शिकलो. खेड्यापाड्यांतून बायका बस्ता बांधायला यायच्या, साडी पसंत पडली की एकमेकींना म्हणायच्या, "हिची घडी तूच मोड गं." नवी साडी आपण आधी नेसायची नाही. आईला द्यायची, बहिणीला द्यायची, जावेला द्यायची. तिनं एक दिवस नेसायची, तिच्या अंगाची ऊब लागली की मग ती आपली. जिचा पायगुण चांगला, तिच्याकडं सणासुदीला चारचार साड्या घडी मोडायला यायच्या. नव्या वस्तूची भीती असते माणसाला, ती आपल्या माणसाच्या अंगावरून उतरली की जाते. वडील हे सगळं गादीवरून बघायचे आणि मला हळूच म्हणायचे, "घडी मोडेपर्यंत माल आपला, मोडली की त्यांचा." ते आपले धंद्याचं बोलत होते.

तर तो हंगाम. इकडं बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. उसात त्यांची दुसरी-तिसरी पिढी. जंगल त्यांनी पाहिलेलं नाही, ऊस हेच त्यांचं जंगल. त्या वर्षी आमच्या पट्ट्यात वाघ माणसावर यायला लागला होता. उभ्या माणसाला सहसा नाही. खुरपायला बसलेली, वाढं गोळा करायला वाकलेली बाई दिसली की मागून यायचा आणि मानेलाच धरायचा. वाढं म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, जनावरांसाठी बायका ते गोळा करतात. ते काम वाकल्याशिवाय होत नाही. वाकलेला माणूस त्याला माणूस वाटतच नाही, असं जुने लोक सांगतात.

वैशाली शिवणाच्या वर्गात होती. शेवटच्या बाकावर बसायची, चित्र काढताना जीभ बाहेर काढायची. तास संपल्यावर एकदा माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, धनगराच्या कुत्र्याला खिळ्याचा पट्टा असतो बघा. तसा मान्सासाठी करता यील?"

"कुणासाठी?"

"आईसाठी. ती रोज जाती वाढ्याला."

माझ्या डोक्यात आधी काय आलं? खोटं कशाला लिहू. आधी पाटी आली.

वैशालीची आई हौसाबाई, तळेघरकडची. वरती डोंगरात भाताची दोन खाचरं, नाचणीचा एक तुकडा, दिवाळीनंतर तिथं हाताला काम नाही. म्हणून सगळं घर खाली पारगावच्या शिवारात उतरायचं आणि नदीकडेच्या वस्तीवर राहायचं. वैशालीला शिकायला मिळावं म्हणून तिनं ती एक खोली वर्षभर धरून ठेवली. काळीसावळी, शिडशिडीत, बोलण्यात फटकळ. उसावर तिचा राग होता. मला म्हणाली, "आमच्याकडं भातात मानूस लांबनं दिसतं. हितं उसात सोताचा हात दिसत न्हाई. ह्यो काय पीक हाय का राव, नुसता आंधार."

माप घ्यायला मी टेप घेऊन उभा राहिलो, तशी ती मटकन खाली बसली.

"उभ्या राहा ना मावशी. माप बरोबर येईल."

"बसूनच घ्या. आमी उभ्या कवा असतो?"

बारा वर्षं मी गळ्याची मापं शिकवत होतो. सगळी उभ्या माणसांची. पुतळा उभा, वहीतली आकृती उभी, आरशापुढची मुलगी उभी. वाकल्यावर मान पुढं किती येते, मागचं हाड किती वर उचलतं, पट्टा कुठं सरकतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी त्या वस्तीच्या अंगणात, बाईपुढं उकिडवा बसून शिकलो. डिझाइन म्हणजे काय, असं मुलं विचारतात तेव्हा मी अजून तेच अंगण सांगतो.

पहिला पट्टा गोणपाटाचा केला. आतून तिच्याच जुन्या लुगड्याचं अस्तर, वर खिळे, मागं बक्कल. खिळे निकम सरांनी कापून दिले, या वेळी न चिडवता. आमच्या घरी चातुर्मासात दिव्याला जाळी लावतात, पाखरू पडू नये म्हणून. आणि मी ओट्यावर बसून खिळ्यांना टोकं काढत होतो. आई बघत होती. म्हणाली, "वाघाला लागेल का रे?" मी म्हटलं, "लागलं तर लागू दे." ती उठली. आत जाऊन माळ घेऊन बसली.

हौसाबाईनं तो पट्टा तीन आठवडे रोज वापरला. संध्याकाळी वैशालीबरोबर निरोप यायचा. खिळे पदराला अडकतात. घाम मुरतो तिथं खाजतं. भारा डोक्यावर घेतला की मागचा खिळा टोचतो. प्रत्येक निरोपाला मी एक टाका उसवायचो, एक घालायचो. वस्तीवरच्या बायका आधी फिदीफिदी हसल्या. "हौसे, कुत्र्यावानी दिसती गं." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "कुत्रं जितं ऱ्हातं न्हवं?" पंधरा दिवसांत त्याच बायका वैशालीला विचारू लागल्या, आमचं माप कधी घेणार? तीन आठवड्यांत तो पट्टा घामानं, चिकानं, मातीनं काळा झाला होता आणि तिच्या मानेवर असा बसला होता, जणू तिथंच उगवला होता.

मग समितीची तारीख आली.

आमच्याकडं समिती येणार म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. भिंतींना चुना, कुंड्यांना गेरू, वाचनालयातल्या पुस्तकांना कव्हरं. मीही पेटलो. दुकानातून खाकी डकचं उत्तम कापड आणलं, पिवळ्या दोऱ्यानं दुहेरी शिलाई केली, आत मऊ रेग्झिन लावलं, कोपऱ्यावर वैशालीकडून कॉलेजचं चिन्ह भरून घेतलं. देखणा पट्टा झाला. आणि एक मोठा बोर्ड करायचं ठरवलं, 'प्रकल्पाचा प्रवास'. पहिलं चित्र, मापं, पहिला पट्टा, शेवटचा पट्टा. पाहणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे.

समितीला अजून दोन आठवडे होते. मी नवा पट्टा तीन पदरी दुमडून, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दुकानातल्या सवयीनं वर टाचणी लावून वस्तीवर गेलो. हौसाबाई भाकऱ्या थापत होती. पट्टा पाहून तिनं हात पदराला पुसले, मगच पिशवी घेतली.

"मावशी, हा तुमचा. जुना मी घेऊन जातो, बोर्डावर लावायचाय."

तिनं खुंटीवरचा जुना पट्टा काढून दिला. मग म्हणाली, "आन् तवर?"

मी म्हटलं, "तोवर हा जपून ठेवा. समितीपुढं तुम्हीच घालून दाखवायचा. नवा दिसला पाहिजे, मळवू नका."

"बरं," ती म्हणाली. "मंग घडी तुमच्या पावन्यांम्होरंच मोडते."

मी खुशीत परतलो. जुना पट्टा मोटारसायकलच्या हँडलला अडकवला होता, खड्ड्यातून गाडी गेली की खिळे टाकीवर टकटक वाजायचे. तिनं विचारलं होतं, तवर काय. न विचारता राहिली असती, तर मी म्हटलं असतं की माझ्या लक्षात आलं नाही. तिनं विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं.

चौथ्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, मी बोर्डावर खिळा ठोकून जुना पट्टा टांगला आणि खाली सुबक अक्षरात चिठ्ठी लावली, 'टप्पा पहिला'. चिठ्ठी जराशी वाकडी लागली म्हणून काढून पुन्हा लावत होतो, तेवढ्यात निकम सर दारात आले. हौसाबाई, ते म्हणाले. नदीकडेच्या उसात, वाढं गोळा करताना. बसलेली होती. मानेलाच.

मी तिथं गेलो नाही. वैशालीला घेऊन निकम सर गेले. मला जाता आलं असतं. मी त्या बोर्डापुढं खुर्चीवर बसून राहिलो आणि पट्ट्याच्या अस्तराचा घामट वास येत होता.

समिती पुढं ढकला, असं मी प्राचार्यबाईंना सांगून पाहिलं. त्या रडल्या होत्या, डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "तारीख पुन्हा मिळायची नाही. आणि आता तर मिळायलाच हवी." समिती आली. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते, वाईट माणूस अजिबात नव्हता. बोर्डापुढं बराच वेळ थांबले. जुन्या पट्ट्यावरून बोट फिरवून म्हणाले, "हा कुणी वापरलाय ना?"

"हो."

"कुणी?"

प्राचार्यबाईंनी हलक्या आवाजात सगळं सांगितलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं तेवढं. गृहस्थांनी चष्मा काढला. आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. मग ते म्हणाले, "अशा विभागाची गरज याहून वेगळी काय सिद्ध करायची?"

ती गेली त्याच्या चार दिवस आधीपर्यंत हा पट्टा तिच्या गळ्यात होता, तो मी काढून आणला, एवढंच मला सांगायचं होतं. दोन वाक्यं. मी गप्प बसलो. मला विभाग हवा होता. तो मिळाला.

मान्यतेचं पत्र आलं त्या दिवशी वैशाली कॉलेजात आली. केस तेलाशिवाय, डोळे कोरडे. तिनं माझ्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली. टाचणी होती तिथंच होती.

"मी म्हनले व्हते आईला, घाल की. तर म्हनली, सरांनी सांगितलंय. पेटीत ठेवला व्हता, लग्नातल्या शालूखाली." मग म्हणाली, "घडी मोडली न्हाई तिनं."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. वस्तू जशी नेली तशी परत केली, हिशोब चोख, असं सांगितल्यासारखं. आरोप असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. नव्या विभागाच्या प्रवेशाच्या यादीत पहिलं नाव तिचं होतं. ती आलीच नाही. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं, वर पठारावर आणे गावाला दिली, एवढं कानावर आलं.

आता दारावर पाटी आहे. खोली ऐसपैस आहे, इस्त्रीचा वास येत नाही. मुलांनी केलेले पट्टे वस्त्यावस्त्यांवर जातात, बायका ते वापरतात, एक-दोघी वाचल्याही असतील. निकम सर माझी समजूत घालायला मधूनमधून मला हे सांगतात. वर्गात माझा एक नियम आहे. कोरं, स्वच्छ काम मी तपासत नाही. आधी वापरून आणा, मळवून आणा, मग मार्क. मुलं माघारी मला 'मळके सर' म्हणतात. म्हणू देत. परवा एक मुलगी म्हणाली, "सर, प्रदर्शनापर्यंत नवे ठेवूयात ना, छान दिसतील." मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या वर्गातून लोक बघायला आले. पोरगी रडली. तिला काय ठाऊक! संध्याकाळी मी तिची माफी मागितली, कारण सांगितलं नाही.

बोर्ड केव्हाच निघाला. जुना पट्टा मात्र काचेच्या कपाटात आहे, खिळ्याला, खाली तीच चिठ्ठी. नवा माझ्या खणात, पिशवीत. चार वर्षांत तो मी कितीदा तरी हातात घेतला. टाचणीला गंज चढलाय. कुणाला द्यावा, कुणाच्या हातानं घडी मोडून घ्यावी, ते सुचलं नाही.

काल दुपारी वैशाली आली. मी तिला ओळखलं ते चालण्यावरून, हुबेहूब आई. आण्याच्या पठारावर पाणी नाही, म्हणून हंगामात नवरा-बायको खाली येतात. यंदा पारगावलाच आलेत, त्याच शिवारात. तिनं सगळा विभाग हिंडून पाहिला. मुलांच्या टेबलांवरून, कागदांवरून हात फिरवला.

"छान झालं सर," ती म्हणाली. "मला येक पट्टा पायजे. उद्यापास्नं वाढ्याला जायचं हाय."

तिला कुठं ठेवू न् कुठं नको असं मला झालं. चांगले चार पट्टे काढून तिच्यापुढं मांडले. हलके, धुता येणारे, बक्कल सुधारलेलं. तिनं एकेक उचलून पाहिला, शिलाई तपासली, परत ठेवला. मग काचेच्या कपाटाकडं बोट केलं.

"त्यो द्या."

"अगं, तो गोणपाटाचा. जुना झालाय. हे चांगले आहेत, खरंच चांगले आहेत."

"आईची न् माझी मान सारखीच हाय."

मी किल्ली शोधली. दोनदा कुलूप चुकलं. पट्टा हातात येताच ती आईसारखीच मटकन खाली बसली आणि तिनं वाकून, दोन्ही हात मागं नेऊन बक्कल लावलं. मान खाली-वर करून पाहिली. बरोबर बसला होता.

मी खणातली पिशवी काढली. म्हटलं, "हा पण तुझाच आहे. आईचा."

तिनं पिशवीकडं पाहिलं, हात पुढं केला नाही. गळ्यातल्या पट्ट्याला बोट लावून म्हणाली, "नको सर. ह्याची घडी तिनं मोडलेली हाय."

आणि उठून गेली. तिचा नवरा फाटकाशी मोटारसायकल सुरू करून उभा होता.